गॅबापेन्टिन: फ्रायबुर्गहून मांजरापर्यंत

मांजराला दवाखान्यात नेण्याआधी घरीच गॅबापेन्टिनचा एक डोस द्यायचा, ही पद्धत आता अनेक पशुवैद्यांच्या अंगवळणी पडली आहे. तिचं मूळ शोधत मागे गेलं तर तिथे मांजर कुठेच नाही. १९७०च्या दशकात जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात ग्योडेके या औषध कंपनीचे रसायनतज्ज्ञ काम करत होते ते माणसांच्या अपस्मारावर. चेतापेशींना आवर घालणारं गाबा हे द्रव्य मेंदू स्वतःच तयार करतो, पण बाहेरून दिलं तर ते रक्तातून मेंदूत नीट शिरत नाही. म्हणून त्याच्या रेणूला सहा कार्बन अणूंचं कडं जोडून पाहिलं. नवा रेणू मेंदूत पोहोचला आणि १९९३ मध्ये अमेरिकेत अपस्मारावरचं पूरक औषध म्हणून त्याला मान्यताही मिळाली. मात्र गाबाचं काम तो करतच नाही, हे नंतर लक्षात आलं. तो चेतापेशींवरच्या कॅल्शियम वाहिन्यांच्या एका भागाला चिकटतो, त्यामुळे चेकाळलेल्या पेशीकडून पुढे जाणारे रासायनिक निरोप घटतात. असा परिणाम केवळ आकडीपुरता राहणं शक्यच नव्हतं. २००२ मध्ये नागीण बरी झाल्यावर मागे उरणाऱ्या वेदनांसाठीही अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. वेदनाशामक म्हणूनच ते कुत्र्या-मांजरांच्या उपचारांतही आलं.

तरीही, मांजराच्या प्रवासाआधीचं औषध म्हणून त्याचा खरा जन्म प्रयोगशाळेत झाला, असं मला वाटत नाही. तो झाला पशुवैद्यकाने स्वतःला विचारायचा प्रश्न बदलला तेव्हा. आधीचा प्रश्न होता, मांजर हलू नये म्हणून काय करावं? त्याची उत्तरं म्हणजे मानगूट धरणं, टॉवेलात घट्ट गुंडाळणं आणि ॲसेप्रोमाझिन. हे ॲसेप्रोमाझिन मनोविकारांवरच्या क्लोरप्रोमाझिनच्या कुळातलं. त्याने अंग सैल पडतं आणि रक्तदाब उतरतो. पण भीती कमी होईलच याची खात्री नसते आणि मोठ्या आवाजाने प्राणी दचकतोच. तपासणाऱ्याला शांत मांजर मिळे. मांजराला काय मिळे, हे कोणी मोजत नव्हतं. २०११ मध्ये मांजरांच्या वैद्यांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून मांजर कसं हाताळावं याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. मानगुटीला धरून मांजर उचलायला त्यांत विरोध होता आणि भीती ही वैद्यकीय दखल घेण्याची गोष्ट ठरली होती.

एकदा भीतीची दखल घ्यायची ठरल्यावर ती मोजणं आलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग साधा होता, पण काटेकोर होता. दवाखान्यात बिथरणारी वीस घरगुती मांजरं निवडली आणि प्रत्येकाच्या दोन भेटी ठरवल्या. एका भेटीआधी १०० मिलिग्रॅम गॅबापेन्टिन, दुसऱ्या भेटीआधी लॅक्टोजची भुकटी. कॅरियरमध्ये घालण्याच्या दीड तास आधी. कोणत्या दिवशी काय दिलं, हे मालकाला ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. औषधाच्या दिवशी मालकांनी मांजराच्या ताणाला कमी गुण दिले आणि मांजर तपासू देतं, असं डॉक्टरांनी नोंदवलं. गुंगी, लडखडणं, लाळ, उलटी हेही दिसलं, पण आठ तासांत ओसरलं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की ही माणसाची सोय आहे. मांजर गुंगलं, आपण त्याला शांत म्हटलं. आक्षेप वजनदार आहे, कारण ॲसेप्रोमाझिनच्या बाबतीत नेमकं हेच घडत होतं. पण २०१८ च्या एका अभ्यासात नसबंदीसाठी सापळ्यात पकडलेल्या बेवारशी मांजरांना हेच औषध दिलं गेलं. औषध न मिळालेल्या मांजरांपेक्षा त्यांचा ताण कमी दिसला, गुंगीच्या मोजमापात मात्र लक्षणीय फरक नव्हता. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या गेल्या, याला मी फार महत्त्व देतो. दुसरा आक्षेप, औषधाने आजार झाकला जाईल. पण भीती तरी आजाराचं खरं रूप कुठे दाखवते? घाबरलेल्या मांजराचा रक्तदाब चढतो आणि रक्तातली साखर इतकी वाढू शकते की मधुमेहाची शंका यावी. डॉक्टरांना औषधाची वेळ आणि मात्रा सांगितली की ते परिणाम हिशेबात धरता येतात. भीतीचा आकडा कुठून वजा करणार? तिसरं म्हणणं, त्यापेक्षा मांजराला कॅरियरची सवय लावा. जरूर लावावी. पण तिला आठवडे लागतात, आणि लघवी तुंबलेल्या बोक्याला आजच न्यावं लागतं. शिवाय प्रत्येक भेदरलेली फेरी पुढची फेरी अवघड करून ठेवते, म्हणजे आधीची सवयही वाया जाते.

गॅबापेन्टिनचं हे काम कुठल्याही लेबलवर छापलेलं नव्हतं. त्याच्याच कुळातल्या, वाहिनीच्या त्याच भागाला चिकटणाऱ्या प्रीगाबालिनच्या द्रावणाला मात्र युरोपात २०२१ मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये थेट मांजरांच्या प्रवासातल्या आणि दवाखान्यातल्या भीतीसाठी मान्यता मिळाली. आपल्याकडे गॅबापेन्टिन येतं ते माणसांच्या औषधांच्या दुकानातून, आणि इथे जपायला हवं. हे औषध शरीराबाहेर पडतं मूत्रपिंडांवाटे. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा आजार नेहमीचाच, तेव्हा मात्रा पशुवैद्यानेच ठरवायला हवी. आपल्या दुकानांत नॉरट्रिप्टिलिन किंवा मिथाइलकोबालामिन मिसळलेल्या गॅबापेन्टिनच्या गोळ्याही सर्रास मिळतात. चिठ्ठीवर एकट्या गॅबापेन्टिनची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल लिहिली असेल, तर पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचून तीच घ्यावी. ‘तेच आहे’ म्हणून पुढे केलेली जोडगोळी किंवा ३०० मिलिग्रॅमची कॅप्सूल काउंटरवरच परत करावी.