ओरल सर्जनचा जम कशावर बसतो?

पुण्यामुंबईत व्यवसाय सुरू करणाऱ्या ओरल सर्जनला चहूकडून एकच उपदेश मिळतो. जागा मोक्याच्या चौकात घे, कर्ज काढून जबड्याचा त्रिमितीय स्कॅन करणारे सीबीसीटी मशीन आण, इन्स्टाग्रामवर झळकत राहा आणि पेशंट पाठवणाऱ्या डेंटिस्टचा कट आधीच ठरवून टाक. गल्लोगल्ली दवाखाने असलेल्या शहरात जो दिसेल तोच टिकेल, हे या मताचे सार. ते उडवून लावण्याजोगे नाही. बीडीएसची पाच आणि एमडीएसची तीन वर्षे घालवून आलेल्या तरुणापुढे भाडे आणि हप्ते दर महिन्याला उभे असतात. तरीही हे मत एका चुकीच्या गृहीतकावर उभे आहे.

ते गृहीतक म्हणजे पेशंट सर्जनला निवडतो. किडलेल्या दातासाठी माणूस घराजवळचा दवाखाना स्वतः निवडतो, हे खरे. पण हाडात आडवी रुतलेली अक्कलदाढ काढायची असते तेव्हा बहुतेक वेळा निवड त्याचा डेंटिस्ट करतो, आणि तो चौकातली पाटी पाहत नाही. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांजवळून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिला इजा झाली तर ओठ काही आठवडे, क्वचित कायमचा बधिर राहतो. हा धोका सर्जन पेशंटला आधी सांगतो का? तिसऱ्या दिवशी ड्राय सॉकेटचा, म्हणजे उघड्या पडलेल्या हाडाचा, ठणका लागला तर फोन उचलतो का? दाढ काढून झाल्यावर पेशंट परत पाठवतो, की त्याच्या दुसऱ्या दाताची कॅपही स्वतःच बसवतो? डेंटिस्टचे प्रश्न हे असतात, कारण पेशंटशी त्याचे नाते वर्षानुवर्षांचे असते.

मशीनचा मुद्दाही असाच तपासावा. नस आणि मूळ यांतले अंतर सीबीसीटी तिन्ही मितींत दाखवते, आणि अवघड दाढेच्या बाबतीत ती माहिती मोलाची असते. पण मोठ्या शहरात ही तपासणी स्वतंत्र केंद्रांत करून मिळते. कर्जाचे मशीन दारात आले की साध्या ओपीजी एक्स-रेवर भागणाऱ्या पेशंटलाही त्यात बसवण्याचा मोह होतो. पेशंटला विनाकारण किरणोत्सर्ग आणि खर्च सोसावा लागतो, आणि पाठवणाऱ्याच्या मनात शंका शिरते.

कटविषयी तर नियमच स्पष्ट आहे. डेंटल कौन्सिलच्या २०१४ च्या आचारसंहितेने पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन देण्याघेण्यास मनाई केली आहे. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही तयार केला होता. नीती बाजूला ठेवून निव्वळ हिशेब केला तरी कट तोट्याचाच ठरतो. पैशाने आलेला पेशंट उद्या जास्त पैसे देणाऱ्याकडे जाणार, आणि ती रक्कम शेवटी त्याच पेशंटच्या बिलात चढणार.

मग जम कशावर बसतो? आधी गर्दी नेमकी कुठे आहे ते पाहू. १९६५ मध्ये संशोधक ब्रोनेमार्क यांनी स्वीडनमध्ये पहिल्या पेशंटला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. आज ते काम सर्जनबरोबर इतर शाखांचे तज्ज्ञ आणि साधे डेंटिस्टही करतात. फक्त इम्प्लांटवर भिस्त ठेवणारा सर्जन सर्वांत दाट गर्दीत उभा राहतो. उलट गुटखाबंदी २०१२ मध्ये होऊनही सुपारी-तंबाखूने तोंड उघडेनासे झालेले, गालात पांढरा चट्टा असलेले पेशंट येतच आहेत. त्यांची वेळेवर बायोप्सी व्हायला हवी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांचा दात काढायला अनेक डेंटिस्ट कचरतात. तिथे हृदयरोगतज्ज्ञाशी बोलून, टाके घालून रक्तस्राव आवरणारा माणूस लागतो. दुचाकी घसरून जबडा मोडलेला तरुण रात्री रुग्णालयात येतो. दाताच्या संसर्गाची सूज गळ्यात उतरून श्वास कोंडू लागतो. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने वरचे जबडे पोखरले, तेव्हा कान-नाक-घसा आणि नेत्रतज्ज्ञांच्या बरोबरीने ओरल सर्जन शस्त्रक्रियागृहात होते.

विश्वास मिळायला वर्षे लागतात, तोवर हप्ते कोण भरणार, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर याच व्यवसायात आहे. व्हिजिटिंग कन्सल्टंट म्हणून हत्यारांची बॅग घेऊन इतरांच्या दवाखान्यांत काम करावे आणि एखाद्या रुग्णालयाशी जोडून घ्यावे. भांडवल कमी लागते आणि डेंटिस्ट आपले काम डोळ्यांनी पाहतो. अट एकच. टाके घालून निघून गेल्यावरही पेशंट आपलाच. सूज उतरली का, हे आपण विचारायचे, टाके आपण पाहायचे आणि काय केले ते डेंटिस्टला लिहून कळवायचे. शिवाय वयस्कर माणसाची खोल रुतलेली, कसलाही त्रास न देणारी दाढ पाहून ‘ही राहू द्या, अधूनमधून तपासू’ असे सांगण्याची हिंमत हवी. त्या दिवशीची फी बुडते, पण असा सल्ला डेंटिस्टच्या लक्षात राहतो.

शहरात स्पर्धा आहे म्हणून असा संयम परवडत नाही, हा युक्तिवाद उलटा आहे. गावात एकच सर्जन असेल तर नाइलाजाने सगळे त्याच्याकडे जातील. शहरात निवडायला दहा जण असतात, तेव्हा डेंटिस्ट आपला पेशंट त्याच्याच हाती देतो, ज्याच्याकडे पाठवल्यावर त्याला रात्री निर्धास्त झोप लागते.