गिटारीचा चेहरा : लाकूड आणि रंगाचा एक इतिहास

आजचा प्रश्न वरकरणी हौसेचा वाटेल. स्वतःसाठी इलेक्ट्रिक गिटार बनवून घ्यायची, तर दर्शनी फळी कोणत्या लाकडाची घ्यावी आणि तिच्यावर कोणता रंग चढवावा? आपण धरून चालतो की आधी लाकूड ठरतं आणि मग त्याला शोभेलसा रंग. इतिहास पाहिला तर बऱ्याचदा उलटं घडलेलं दिसतं. रंगानेच लाकूड ठरवलं आहे.

1940 च्या सुमाराचं न्यूयॉर्क घ्या. लेस पॉल हा वादक एपिफोन कंपनीच्या कारखान्यात पाइनच्या चार इंची चौकोनी ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवत होता. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवतीचं तांब्याच्या तारेचं वेटोळं. ते पोलादी तारेचं कंपन टिपतं, त्याला पोकळ पेटी लागत नाही. वाद्य वाजत होतं, पण लोकांना ते गिटार वाटेना. मग त्याने एका गिटारीची पेटी मधोमध कापली आणि ती दोन अर्धुकं ओंडक्याच्या दोन्ही अंगांना जोडली. त्यानंतर लोकांनी ते स्वीकारलं, असं तो स्वतःच पुढे सांगत असे. म्हणजे बघा, या वाद्याला रूप मिळालं ते कानासाठी नव्हे, डोळ्यांसाठी.

1952 साली गिब्सनने त्याच्या नावाची गिटार बाजारात आणली. अंग महोगनीचं, वर मेपलची कोरीव फळी आणि त्यावर सोनेरी रंग. हा रंग अपारदर्शक. त्याखाली मेपलचा सांधा कुठे आला, रेषा कशा गेल्या, याला महत्त्व नव्हतं. खप मंदावला तेव्हा, 1958 मध्ये, सोनेरी रंग जाऊन पारदर्शक लालसर ‘सनबर्स्ट’ आला. मध्यभागी पिवळा, कडेला गडद. आता मेपल उघडं पडलं! एकाच फळीचे दोन काप पुस्तक उघडल्यासारखे शेजारी मांडायचे, सांधा बरोबर मध्यावर आणायचा, हे गरजेचं झालं. काही मेपलमध्ये तंतू लाटांसारखे वाढलेले असतात आणि प्रकाश फिरला की पट्टे हलल्यासारखे दिसतात. कालपर्यंत रंगाखाली झाकलं जाणारं हे लाकूड आज सर्वांत महाग विकलं जातं.

फेंडरकडे हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने घडली. 1954 ची स्ट्रॅटोकास्टर अ‍ॅश लाकडाची होती. अ‍ॅशची रंध्रं मोठी, ती आधी भरून घ्यावी लागतात. 1956 मध्ये बहुतेक गिटारी ऑल्डरवर आल्या, कारण त्याचा पृष्ठभाग घट्ट आणि रंगकाम सोपं. फिकट, आरपार दिसणाऱ्या रंगासाठी मात्र अ‍ॅशच राहिलं. पुढे मोटारींचे रंगच गिटारीवर आले. आपल्याकडचे फर्निचरवाले ज्याला आजही ‘ड्युको’ म्हणतात, ते मूळ ड्यूपॉन्ट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं नाव. 1920 च्या दशकात मोटारींसाठी निघालेलं, झटपट वाळणारं. हे लॅकर पातळ बसतं, वयानुसार पिवळं पडतं, थंडीत तडकतं. नंतर आलेलं पॉलिएस्टर जाड आणि टणक असतं आणि वर्षानुवर्षं तसंच राहतं.

आता खरी मेख. 1958 च्या त्या सनबर्स्टमधला लाल रंग उन्हात टिकेना. कुठे मधासारखा झाला, कुठे जवळजवळ नाहीसा. 1960 मध्ये गिब्सनने टिकाऊ लाल वापरायला घेतला, म्हणजे कारखान्याच्या दृष्टीने तो दोषच होता. थोड्याच दिवसांत गिटारीचा तो आकारही बंद झाला. मग 1966 मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ध्वनिमुद्रिकेवर अशीच जुनी गिटार वाजवली आणि मागणी इतकी वाढली की 1968 मध्ये कंपनीला ते मॉडेल परत आणावं लागलं. आज त्या मूळ गिटारी लाखो डॉलरना जातात, आणि नव्या गिटारीवर विटलेला रंग मुद्दाम चढवला जातो.

इथे तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी विचारेल, हे खोटं नाही का? मला वाटतं, खोटेपणा रंगात नसतो, दाव्यात असतो. सनबर्स्टची गडद कड सांधे झाकते, ते चालेल. कागदाएवढा पापुद्रा चिकटवून ‘अखंड मेपल’ म्हणून विकलं, तर ती फसवणूक. डोळ्यांसाठी पैसे मोजण्यात कमीपणा नाही. फक्त ते कानाच्या नावावर मोजू नयेत, कारण मेपलच्या लाटा पिकअपला दिसत नाहीत.

म्हणून कारागिराकडे जाल तेव्हा आधी रंग ठरवा. अपारदर्शक हवा असेल तर साधं, वाळलेलं, सरळ रेषांचं लाकूड पुरे. नक्षीचे पैसे वाचवा आणि ते पिकअपवर घाला. पारदर्शक हवा असेल तर फळी स्वतः पाहा, ओली करून, उजेडात फिरवून. आणि एक विचारा : वीस वर्षांनी हे कसं दिसेल? बदलणारं आवडत असेल तर लॅकर, बदल नको असेल तर पॉलिएस्टर. हे मात्र तुमचं तुम्हीच ठरवायचं.