पीटर साफार : पुनरुज्जीवन व आपत्ती वैद्यकाचे प्रणेते

साफार, पीटर : (१२ एप्रिल १९२४ – ऑगस्ट २००३). ऑस्ट्रियात जन्मलेले अमेरिकन भूलतज्ज्ञ. बंद पडलेला श्वास व रक्ताभिसरण कृत्रिमरीत्या चालू ठेवण्याची ‘सीपीआर’ ही पद्धत घडविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. रुग्ण जेथे पडला तेथेच उपचार सुरू झाले पाहिजेत आणि ते सुरू करणारी व्यक्ती डॉक्टरच असली पाहिजे असे नाही, हा विचार त्यांनी आयुष्यभर मांडला. आधुनिक रुग्णवाहिका सेवा व आपत्ती वैद्यक ही दोन्ही क्षेत्रे याच विचारावर उभी आहेत.

त्यांचा जन्म व्हिएन्ना येथे झाला. वडील नेत्रतज्ज्ञ व आई बालरोगतज्ज्ञ होत्या. आईकडून आलेल्या ज्यू वंशसंबंधामुळे नाझी राजवटीत कुटुंबाला जाच सोसावा लागला. १९४८ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन ते पुढील वर्षी अमेरिकेस गेले. शल्यचिकित्सेकडून ते भूलशास्त्राकडे वळले आणि १९५०च्या दशकाच्या मध्यास बॉल्टिमोर येथील शहर रुग्णालयात भूलशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

त्या काळी बुडालेल्या वा गुदमरलेल्या माणसाला पालथे घालून त्याची पाठ दाबणे व हात वर उचलणे ही कृत्रिम श्वसनाची रूढ रीत होती. १९५६ मध्ये साफार यांची जेम्स एलम यांच्याशी भेट झाली. आपण बाहेर टाकतो त्या हवेतही दुसऱ्याला जगविण्याइतका प्राणवायू शिल्लक असतो, हे एलम यांनी दाखविले होते. साफार यांनी स्वयंसेवकांना औषधाने बेशुद्ध व स्नायुशिथिल करून दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. जुन्या रीतीत जीभ मागे पडून घसा बंद होई व फुप्फुसांत पुरेशी हवा जात नसे. मान मागे कलवून हनुवटी उचलली व तोंडाने श्वास दिला, तर छाती स्पष्ट फुगे. हे काम बालवीरांसारख्या सामान्य लोकांनाही जमले. १९५८ मध्ये या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी साफार यांनी बॉल्टिमोरला अतिदक्षता विभाग सुरू केला. अमेरिकेतील अशा पहिल्या विभागांत त्याची गणना होते.

१९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. श्वासमार्ग, श्वसन व रक्ताभिसरण या तीन पायऱ्या साफार यांनी एका क्रमात गुंफल्या. सरावासाठी नॉर्वेचे खेळणीनिर्माते आस्मुंड लेर्डाल यांनी मानवाकृती बाहुली तयार केली. जगभरच्या असंख्य लोकांनी तिच्यावरच हे कौशल्य आत्मसात केले.

१९६१ मध्ये साफार पिट्सबर्ग विद्यापीठात आले. १९६६ मध्ये त्यांची मुलगी एलिझाबेथ दम्याच्या झटक्याने दगावली. तिचे हृदय पुन्हा सुरू झाले होते, परंतु मेंदू वाचला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स निवडणूक सभेत कोसळले. त्यांना पोलिसांच्या गाडीतून रुग्णालयात नेण्यात आले. हृदय चालू झाले, पण ते शुद्धीवर आले नाहीत. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीची मिनिटेच निर्णायक ठरतात, हे या दोन्ही घटनांनी दाखविले.

१९६७ मध्ये साफार यांच्या मार्गदर्शनाखाली ‘फ्रीडम हाऊस’ रुग्णवाहिका सेवेची उभारणी झाली. पिट्सबर्गच्या हिल भागातील, बहुतांशी बेरोजगार, कृष्णवर्णीय तरुणांना सुमारे ३०० तासांचे प्रशिक्षण देण्यात आले. तोपर्यंत शहरात आजाऱ्यांची ने-आण मुख्यतः पोलिसांच्या गाड्यांतून होई. या तरुणांनी धावत्या गाडीत डॉक्टरी दर्जाचे उपचार शक्य करून दाखविले. डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी पुढे सेवेची वैद्यकीय धुरा सांभाळली व या क्षेत्राचे पाठ्यपुस्तक लिहिले. तरीही १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केल्यावर ‘फ्रीडम हाऊस’ बंद पडली आणि तिच्यातील अनेक अनुभवी कर्मचारी नव्या व्यवस्थेत टिकू शकले नाहीत.

१९७६ मध्ये साफार यांनी जर्मन भूलतज्ज्ञ रुडॉल्फ फ्राय व इतर सहकाऱ्यांसह ‘क्लब ऑफ माइंत्स’ स्थापन केला. तोच पुढे आपत्ती व आपत्कालीन वैद्यकाची जागतिक संघटना झाला. ७ डिसेंबर १९८८ रोजी आर्मेनियात झालेल्या भूकंपात किमान २५ हजार लोक मरण पावले. तेथे साफार यांच्या गटाने वाचलेल्यांच्या मुलाखती घेतल्या. ढिगाऱ्याखालील सर्वच माणसे तत्क्षणी मरत नाहीत. काही हळूहळू मरतात. परदेशी पथके येईपर्यंत त्यांची वेळ टळलेली असते. म्हणून श्वासमार्ग मोकळा करणे, रक्तस्राव थांबविणे अशी जीवरक्षक प्रथमोपचाराची शिकवण सर्व नागरिकांना मिळावी, असा त्यांचा आग्रह होता.

उत्तरायुष्यात त्यांनी हृदय बंद पडल्यानंतर शरीर थंड ठेवून मेंदू वाचविता येईल का, यावर संशोधन केले. पिट्सबर्गमधील त्यांच्या संशोधन केंद्राला १९९४ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले.

आज गोव्यात किंवा महाराष्ट्रात १०८ क्रमांक फिरविताच येणाऱ्या रुग्णवाहिकेत प्रशिक्षित कर्मचारी व प्राणवायू असतो. मात्र ती पोहोचेपर्यंतचा वेळ शेजाऱ्यांच्या हाती असतो. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य माणसासाठी केवळ छातीदाबाची पद्धत सुचविली आहे : मदत बोलवावी आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाब द्यावा. तंत्र सोपे झाले असले, तरी साफार यांचा मूळ आग्रह त्यात कायम आहे.