खानदेशी कपाशीचे पिवळे आणि पांढरे फूल

खानदेशातील जुनी देशी कपाशी दोन रंगांत फुलत असे: पिवळ्या आणि पांढऱ्या. पिवळा रंग गॉसिपेटिनसारख्या द्रव्यांचा असतो. तो सरकीतूनच येतो. खत किंवा पाऊस बदलून पिवळ्याचे पांढरे होत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कानपूरला मार्टिन लीक यांनी दोन्हींचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत पिवळाच रंग उमटला आणि पांढरा पुढच्या पिढीत परतला.

शेतात कोणता रंग राहावा हे मात्र बाजाराने ठरवले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या (1861-65) काळात कापसाचा तुटवडा पडला. कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांनी हिंगणघाटची लांब धाग्याची सरकी खानदेशात आणवली. तेजी ओसरल्यावर शेतकरी पुन्हा जाड, आखूड धाग्याच्या वाणांकडे वळला. त्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. जिनमध्ये रुईच्या उताऱ्यावर भाव ठरत असे, धाग्याच्या लांबीला वेगळे मोल फारसे मिळत नसे. शिवाय जिनमध्ये निरनिराळ्या शेतांची सरकी एकत्र होई आणि तीच पुन्हा पेरली जाई. त्यामुळे एकाच वावरात दोन्ही रंग दिसत.

वनस्पतिशास्त्रज्ञांनी या सरमिसळीतून पांढऱ्या फुलाचा ‘रोझियम’ आणि पिवळ्या फुलाचा ‘व्हेरम’ असे प्रकार वेगळे केले. रोझियमचा धागा आखूड, पण उतारा शेकडा 40 च्या जवळपास. त्यातून निवडलेले ‘एन. आर.’ बियाणे मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने खानदेशात पसरवले. रंग इथे राखणदार ठरतो: पांढऱ्या वावरातले परके पिवळे फूल लांबूनही दिसते आणि ते झाड उपटता येते. उतारा मात्र फुलाच्या रंगामुळे वाढत नाही. रंग ही त्या वाणाची फक्त खूण.

पुढे मर रोग आणि लांब धाग्याची मागणी यांनी पारडे फिरवले. 1930 नंतरच्या दशकात व्हेरममधून निवडलेला, मर रोगाला तोंड देणारा ‘जरीला’ आला आणि वावरे पुन्हा पिवळी झाली.

नंतर अमेरिकी जातीचे संकरित वाण पसरले. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. आज जळगाव-धुळ्यात दिसणारे फूल बहुतांशी याच जातीचे. ते सकाळी मलईच्या रंगाचे उमलते, दुपारनंतर अँथोसायनिन साठून गुलाबी होते, दुसऱ्या दिवशी तांबडे पडून सुकते आणि मागे बोंड राहते.