पोर्ट लुईसचे सूर आणि आपली झाकरी

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाज पोर्ट लुईसला लागले आणि मॉरिशसमध्ये करारबद्ध मजुरीचा काळ सुरू झाला. पुढे मुंबई बंदरातून आलेल्या आपल्या पूर्वजांत कोकणातली माणसे पुष्कळ होती. त्यांच्याजवळ सामान थोडेच होते. पण ओठांवर आरत्या, भजने आणि झाकरीची गाणी होती.

शहरात १८२२ पासून नाट्यगृह होते. तेथे फ्रेंच ऑपेरा होत. ते मजुरांसाठी नव्हते. आपली मैफल दिवसभराच्या ऊसतोडीनंतर वस्तीच्या अंगणात, ढोलकी नि झांजांवर रंगे. गुलामांचे वंशज विस्तवावर रवानचे कातडे तापवून सेगा गात.

मग या अंगणांतले सूर शहरात आले. १९७० साली मोका येथे महात्मा गांधी संस्था स्थापन झाली आणि शास्त्रीय गायन-वादन शिकण्याची सोय झाली. कायाने सेगा व रेगे यांतून ‘सेगे’ घडवले. आज पोर्ट लुईसमध्ये शास्त्रीय रागही ऐकू येतो आणि डीजेचा ठेकाही.

युनेस्कोच्या यादीत २०१४ साली सेगा व २०१६ साली भोजपुरी गीत-गवई आली. झाकरी मात्र आपण गणेशचतुर्थीला नाचतो, आणि तिचे शब्द दर पिढीत थोडे गळतात. कीबोर्डवर ती वाजली तरी आमची हरकत नाही, शब्द टिकावेत. येत्या चतुर्थीला आजी-आजोबांजवळ वही घेऊन बसू या.