पोलादाचं पाणी: ड्रिल बिटाची कुळकथा

लोखंडात भोक पाडायचं बिट घ्यायला गेलेला माणूस बहुतेक वेळा तीन गोष्टी बघतो: रंग, डबीतली संख्या आणि किंमत. सोनेरी दिसलं की ते भारी, एका डबीत एकोणीस मिळाली की फायदा. पण बिटाच्या इतिहासात या गोष्टी अगदी अलीकडच्या. भोक पाडणाऱ्या हत्यारापुढे मुळात दोन अडचणी होत्या. कापलेला कीस भोकातून बाहेर कसा यायचा, ही पहिली. घर्षणानं तापलेलं टोक मऊ कसं पडू द्यायचं नाही, ही दुसरी. पहिलीचं उत्तर अमेरिकेत १८६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत आकारानं दिलं, दुसरीचं १९००च्या सुमारास पोलादानं. बिट चांगलं की वाईट हे आजही त्या दोन उत्तरांवरच ठरतं. म्हणून बघायचं ते एवढंच, की टोक किती सारखं घासलंय आणि पोलादाला पाणी कोणतं दिलंय.

आकाराची गोष्ट फार जुनी आहे. बोलन खिंडीजवळच्या मेहरगढला सापडलेल्या दातांमध्ये गारगोटीच्या टोकानं पाडलेली भोकं आहेत, साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीची. त्या काळापासून आपल्या सुतारांच्या सामत्यापर्यंत तत्त्व एकच राहिलं. कामठीची दोरी सामत्याच्या दांड्याला वेढायची आणि कामठी पुढे-मागे ओढायची. दांडा एकदा उजवीकडे फिरतो, एकदा डावीकडे. अशा हत्याराचं टोक चपटं आणि दोन्हीकडून सारखं घासलेलं असावं लागतं, कारण त्याला दोन्ही दिशांना खरवडायचं असतं. त्यावर पिळाची खाच काढून उपयोग नव्हता, जाताना वर आलेला कीस येताना पुन्हा खाली गेला असता. पिळाचं बिट इतक्या उशिरा का आलं, याचं माझ्या मते हेच मोठं कारण आहे. ते सुचायला एकाच दिशेनं न थांबता फिरणारं यंत्र आधी हवं होतं, आणि बिटाला त्या यंत्रावर जोर खायला लावणारं कठीण कामही हवं होतं. लाकूड चपट्या टोकाला बराच काळ पुरलं. लोखंडाला पुरेना, कारण कीस अडकला की बिट दर थोड्या वेळानं बाहेर काढून भोक साफ करावं लागे.

बंदुकांच्या कारखान्यांनी ही गरज तातडीची केली. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ साली सुरू झालं आणि प्रॉव्हिडन्स टूल कंपनीकडे बंदुका बनवण्याचं काम आलं. बंदुकीच्या चापाजवळच्या बारीक निपलांना भोकं पाडायला तिथे पिळाची बिटं वापरत, म्हणजे अशी बिटं तेव्हा होती. पण त्यांच्या खाचा कारागीर गोल कानशीनं हातानं घासून काढत. एक बिट दुसऱ्यासारखं निघणं अवघड, आणि वेळ किती जात असेल याची कल्पनाच करावी. तिथल्या फ्रेडरिक होव यांनी ही अडचण शेजारच्या ब्राऊन अँड शार्प कारखान्यातल्या जोसेफ ब्राऊन यांच्यापुढे मांडली. ब्राऊन यांनी पिळाची खाच यंत्रानं कापायची सोय केली आणि १८६२ साली पहिलं युनिव्हर्सल मिलिंग मशिन तयार झालं. पुढे जगभरच्या कारखान्यांत पोचलेल्या या यंत्राचा जन्म बिटाच्या खाचेसाठी झाला, हे मला या कथेतलं सगळ्यात मोलाचं वाटतं. मॅसॅच्युसेट्समधल्या ईस्ट ब्रिजवॉटरच्या स्टीफन मोर्स यांना पिळाच्या बिटाचं पेटंट ७ एप्रिल १८६३ला मिळालं आणि शोधाचं श्रेय त्यांच्या नावावर लागलं. ते त्यांना द्यावंच, कारण बिट सर्वांच्या हाती पोचवलं ते त्यांच्यासारख्या कारखानदारांनी. पण कल्पनेइतकंच महत्त्व सारखेपणाला आहे. दोन्ही खाचा एकसारख्या आणि दोन्ही पाती समान लांबीची असल्याशिवाय पिळाचा काही उपयोग नाही.

आता पाणी. आपल्याकडे लोहार हत्याराला पाणी देतो आणि धार टिकेना झाली की पाणी उतरलं म्हणतात. साध्या कार्बन पोलादाचं पाणी दोन-अडीचशे अंश सेल्सिअसला उतरायला लागतं, आणि जोरात फिरणाऱ्या बिटाचं टोक तिथवर सहज पोचतं. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मशेट यांनी १८६८ साली टंगस्टन घातलेलं पोलाद बनवलं. ते पाण्यात न बुडवता हवेतच कठीण होई. पण मोठी झेप घेतली ती फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी, पेनसिल्व्हेनियातल्या बेथलहेम स्टीलमध्ये. पोलाद जास्त तापवलं की जळतं, ही लोहारांची पिढीजात समजूत, आणि एका टप्प्यापर्यंत ती खरीही ठरली. क्रोमियम-टंगस्टनचं पोलाद तापवत नेलं तसं हत्यार बिघडत गेलं. त्यांनी मात्र तिथे न थांबता ते वितळायच्या बेतापर्यंत नेलं, आणि तिथून थंड केलेलं हत्यार आधीच्या सगळ्यांपेक्षा सरस निघालं. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, की हत्याराचं टोक तांबूस तापलंय, लोखंडाचा कीस निळा पडून गळतोय आणि तरी कापणं चालूच आहे. हेच हाय स्पीड स्टील, आपल्या वर्कशॉपमधलं एचएसएस. सुमारे ६०० अंशांपर्यंत त्याचं पाणी टिकतं. दुसऱ्या महायुद्धात टंगस्टन दुर्मिळ झालं, तेव्हा मॉलिब्डेनमनं त्याची बरीचशी जागा घेतली. आज नेहमी मिळणाऱ्या एम-२ जातीत टंगस्टन सुमारे ६ टक्के आणि मॉलिब्डेनम ५ टक्के असतं.

सोनेरी रंग यानंतरचा. टायटॅनियम नायट्राइडचा तो लेप मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-चार पट जाडीचा. चांगल्या बिटाचं आयुष्य तो खरोखर वाढवतो, पण खराब बिटाला चांगलं करू शकत नाही. खरा लेप निर्वातात सुमारे ४५० अंशांना चढवतात, आणि तेवढ्यात साध्या पोलादाचं पाणी उतरून जाईल. तेव्हा खाली एचएसएस नसेल, तर वरचं सोनं निरर्थक आहे. लेप बघण्याआधी टोक बघावं. उजेडाकडे धरलं की दोन पाती दिसतात आणि त्यांना जोडणारी छोटी आडवी कड. ही आडवी कड कापत नाही, नुसती रेटते, आणि आपण दिलेल्या जोराचा मोठा वाटा तीच खाते. ती नेमकी मध्यावर हवी. एक पातं लांब असेल तर तेच एकटं कापतं आणि ६ मिलिमीटरचं बिट त्याहून मोठं भोक पाडतं. बिट चालू असतानाही हे कळतं. दोन्ही खाचांतून सारखे वळसे निघाले तर टोक बरोबर आहे, एकाच बाजूनं कीस येत असेल तर नाही.

कुणी म्हणेल, वर्षातून चार भोकं पाडणाऱ्याला एवढी चिकित्सा कशाला? कारखान्यात बिट घट्ट धरलेलं असतं, वर कूलंट असतो, गती मोजून दिलेली असते. घरी यातलं काहीच नसतं, म्हणून घरच्या बिटाला जास्त सोसावं लागतं. एचएसएसनं मऊ पोलाद कापायची गती मिनिटाला २५ ते ३० मीटर. १० मिलिमीटरच्या बिटासाठी याचे मिनिटाला साधारण ८०० फेरे होतात. घरचं ड्रिल पूर्ण दाबलं की बरेचदा २,८०० फेरे देतं, म्हणजे साडेतीन पट. पाणी उतरतं ते इथेच. दुसरा आक्षेप असा, की मग कोबाल्टचंच बिट घ्यावं. स्टेनलेस स्टीलवर वारंवार काम असेल तर जरूर घ्यावं. पण कोबाल्टनं पोलाद उष्णतेत जसं कठीण राहतं, तसं ते ठिसूळही होतं, आणि हातातल्या हलत्या ड्रिलमध्ये बारीक कोबाल्ट बिट लवकर तुटतं. मऊ लोखंड, ॲल्युमिनियम, लाकूड, प्लास्टिक यांना साधं एम-२ पुरतं. तिसरा आक्षेप मला पटतो: धार लावता आली तर साधं बिटही वर्षानुवर्षं चालतं. फक्त ग्राइंडरवर दोन्ही पाती सारखी ठेवणारा हात हवा, आणि पोलाद धार धरणारं हवं. भिंतीसाठी मात्र यातलं एकही बिट वापरू नये, तिथे टंगस्टन कार्बाइडचं टोक लागतं.

तेव्हा डबीतल्या एकोणीस बिटांऐवजी ३, ४, ५, ६ आणि ८ मिलिमीटरची पाच सुटी बिटं घ्यावीत, शँकवर, म्हणजे मागच्या दांड्यावर, मापाबरोबर एचएसएस कोरलेली आणि पूर्ण घासून बनवलेली. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर किंवा कुठल्याही गावी वर्कशॉपना माल देणाऱ्या दुकानात ती सुटी मिळतात. मोठ्या मापाच्या बिटाला ट्रिगर हलका दाबा, आधी सेंटर पंच मारा, दोन थेंब तेल सोडा. आणि पैसे देण्याआधी प्रत्येक बिटाचं टोक उजेडाकडे धरून बघा, पाती सारखी नसतील तर परत ठेवा.