ट्रॅप्स (भूशास्त्र)

ट्रॅप्स ही इंग्रजी भाषेतील बहुवचनी भूशास्त्रीय संज्ञा आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून व पुढे झिजून तयार झालेल्या, पायऱ्यांसारख्या दिसणाऱ्या खडकाळ प्रदेशास ही संज्ञा लावतात. महाराष्ट्रात ती मुख्यतः ‘डेक्कन ट्रॅप्स’ या नावातून परिचित आहे. ‘सापळा’ या अर्थाच्या ‘ट्रॅप’ या इंग्रजी शब्दाशी तिचे रूप जुळत असले, तरी अर्थ जुळत नाही.

व्युत्पत्ती

हा शब्द इंग्रजीत स्वीडिश भाषेतून आला. स्वीडिशमध्ये ‘ट्रापा’ म्हणजे जिना. १८व्या शतकात युरोपातील खनिजशास्त्रज्ञ काळ्या, बारीक कणांच्या खडकास ‘ट्रॅप’ म्हणू लागले, कारण अशा खडकाचे डोंगर पायऱ्या रचल्यासारखे दिसतात. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३०च्या दशकात दख्खनच्या भूरचनेचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यातही हा शब्द आहे. जुन्नर परिसरातील लेण्यांमधील शिलालेखांच्या नकलाही साइक्स यांनी प्रसिद्ध केल्या होत्या.

वचन आणि वापर

‘ट्रॅप’ हे एकवचन खडकाच्या प्रकारासाठी, तर ‘ट्रॅप्स’ हे बहुवचन संपूर्ण प्रदेशासाठी वापरतात. भारतीय भूशास्त्रीय लेखनात ‘डेक्कन ट्रॅप’ असे एकवचनी रूपही रूढ आहे. तथापि बहुवचन वस्तुस्थितीस अधिक धरून आहे, कारण हा प्रदेश एकाच उद्रेकातून घडलेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हारस वेळोवेळी बाहेर पडला आणि त्याचे अनेक थर साचले. आज हे खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेले आहेत. रशियातील सायबेरियन ट्रॅप्स आणि चीनमधील एमेशान ट्रॅप्स ही याच प्रकारच्या प्रदेशांची नावे होत.

जुन्या इंग्रजीत ‘ट्रॅप्स’ या बहुवचनाचा ‘प्रवासातील चीजवस्तू’ असाही अर्थ आढळतो. तो शब्द घोड्याच्या झुलीशी संबंधित असून वरील संज्ञेहून वेगळा आहे.

पायऱ्या कशा तयार होतात

लाव्हाच्या थराचा खालचा व मधला भाग सहसा घट्ट व एकसंध असतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकल्याने तो सच्छिद्र असतो. दोन उद्रेकांमध्ये दीर्घ काळ गेल्यास जुन्या थराचा पृष्ठभाग कुजून तांबड्या मातीचा पट्टा तयार होतो. पाण्याने झीज होताना घट्ट भाग उभ्या कड्याच्या रूपाने टिकतो व मऊ भागाचा उतार किंवा सपाट टप्पा बनतो. हा क्रम पुन्हा पुन्हा आल्याने डोंगर जिन्यासारखा दिसतो. सह्याद्रीतील अनेक किल्ल्यांच्या माच्या अशाच टप्प्यांवर वसल्या आहेत.

जुन्नर परिसर

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुका या रचनेचे ठळक उदाहरण आहे. शिवनेरी, हडसर, चावंड व जीवधन या किल्ल्यांचे कडे बसाल्टचे आहेत. लेण्याद्री, मानमोडी व तुळजा येथील लेणी याच खडकात कोरलेली आहेत. नाणेघाटाच्या परिसरात, कुकडेश्वराजवळ उगम पावणारी कुकडी नदी याच खडकावरून पूर्वेकडे वाहते. येडगाव येथे तिच्यावर धरण बांधलेले आहे.

तालुक्यातील बोरी येथे कुकडीच्या काठी ज्वालामुखीय राखेचा थर आढळतो. तो मात्र डेक्कन ट्रॅप्सचा भाग नाही. ती राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची मानली जाते आणि दख्खनच्या लाव्हापेक्षा कितीतरी अलीकडची आहे.

भूजलाशी संबंध

महाराष्ट्राच्या ८० टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर हाच खडक असल्याने विहिरींचे पाणी त्याच्या थरांवर अवलंबून असते. घट्ट काळ्या पाषाणात भेगा नसतील तर पाणी फारसे साठत नाही. मुरूम, भेगाळलेला खडक आणि काही ठिकाणचा सच्छिद्र खडक यांत ते साठते. तांबड्या मातीचा चिकण पट्टा पाणी खाली झिरपण्यास अडथळा करू शकतो. शेजारच्या दोन शेतांतील विहिरींपैकी एकीला बारमाही पाणी असते आणि दुसरी माघातच आटते, यामागे अनेकदा थरांतील हा फरक असतो. त्यामुळे विहीर किंवा विंधन विहीर घेण्यापूर्वी केवळ ‘खडक लागेल का’ एवढे पाहून भागत नाही. कोणता थर किती खोलीवर आहे, हेही पाहावे लागते.

मराठीतील रूपे

मराठी भूशास्त्रीय लेखनात ‘दक्षिण ट्रॅप’, ‘दख्खन ट्रॅप’ आणि ‘दख्खनचा बसाल्ट’ ही रूपे आढळतात. शब्दशः भाषांतरातून होणारे ‘दख्खनचे सापळे’ हे रूप चुकीचे आहे. मराठीत ‘सापळा’ म्हणजे पिंजरा किंवा हाडांचा सांगाडा. त्यामुळे विद्यार्थ्यास येथे जीवाश्मांचा विषय असावा असा भ्रम होऊ शकतो. मूळ अर्थ सांगायचा असल्यास ‘पायऱ्यांचे खडक’ असे साधे स्पष्टीकरण पुरेसे ठरते.